मेंदूच्या जन्मजात व्यंगामुळे कुत्र्यांना येणारे झटके

मेंदूच्या जन्मजात व्यंगामुळे कुत्र्यांना येणारे झटके हा संरचनात्मक अपस्माराचा एक प्रकार आहे. गर्भावस्थेत किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची जडणघडण बिघडल्यास मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींचे जाळे सदोष बनते. अशा जाळ्यात विद्युत-रासायनिक क्रियेचा अनियंत्रित उद्रेक होतो आणि प्राण्याला झटका येतो. बोलीभाषेत यास आकडी, फेफरे, मिरगी किंवा फिट येणे असे म्हणतात. हे झटके बहुधा एक वर्षाच्या आत, अनेकदा सहा महिन्यांच्या आतच सुरू होतात.

व्यंग स्वतः बहुतांशी बरे होत नाही. मात्र झटक्यांची संख्या व तीव्रता औषधांनी पुष्कळदा आटोक्यात ठेवता येते. निदानात दोन अडचणी येतात. रेबीज, डिस्टेंपर, रक्तशर्करा घटणे व यकृतातील जन्मजात दोष ही झटक्यांची इतर कारणेही याच कोवळ्या वयात आढळतात. शिवाय मेंदूच्या प्रतिमेत दिसलेले व्यंग हेच झटक्यांचे कारण असेल असे नाही. त्यामुळे तपासण्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या क्रमाला अधिक महत्त्व आहे.

## वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृतिगटाने २०१५ साली कुत्र्यांतील अपस्माराविषयी एकमताने ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार अपस्माराचे दोन मुख्य गट मानले जातात. आनुवंशिक कारण असलेला किंवा ज्याचे कारण दाखवता येत नाही असा तो स्वयंभू अपस्मार, आणि मेंदूतील दाह, गाठ, इजा वा व्यंग यांमुळे होणारा तो संरचनात्मक अपस्मार. विषबाधा किंवा चयापचयातील बिघाड यांमुळे निरोगी मेंदूला येणाऱ्या झटक्यांना प्रतिक्रियात्मक झटके म्हणतात. मूळ बिघाड दूर झाल्यास ते थांबतात, म्हणून त्यांची गणना अपस्मारात होत नाही.

स्वयंभू अपस्मार सामान्यतः सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो आणि दोन झटक्यांमधील काळात कुत्रा पूर्णपणे सामान्य असतो. याउलट, सहा महिन्यांहून लहान पिल्लाला झटके आल्यास किंवा झटक्यांमधील काळातही चाल, दृष्टी वा वर्तन यांत दोष दिसल्यास संरचनात्मक कारणाचा संशय बळावतो.

## प्रमुख व्यंगे

जलशीर्ष – मेंदूच्या पोकळ्यांमध्ये मस्तिष्क-मेरू द्रव प्रमाणाबाहेर साचण्यास जलशीर्ष म्हणतात. चिवावा, पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग व इंग्लिश बुलडॉग या जातींमध्ये ते अधिक आढळते. घुमटासारखे डोके, न भरलेली टाळू, खाली व बाहेर वळलेले डोळे, खुंटलेली वाढ, गोल गोल फिरणे आणि शी-शूची शिस्त न लागणे ही त्याची लक्षणे आहेत. झटके प्रत्येक रुग्णात येतातच असे नाही. लहान चणीच्या जातींत मेंदूच्या पोकळ्या मोठ्या असणे किंवा टाळू उघडी राहणे निरोगी कुत्र्यांतही आढळते. म्हणून केवळ पोकळ्यांच्या आकारावरून आजाराची तीव्रता ठरवता येत नाही.

वळ्यारहित मेंदू – कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सामान्यतः वळ्या व खाचा असतात. गर्भावस्थेत चेतापेशी आपल्या नियत स्थानापर्यंत न पोहोचल्यास हा पृष्ठभाग जवळपास सपाट राहतो. भारतात लोकप्रिय असलेल्या ल्हासा अॅप्सो जातीत हे व्यंग विशेष नोंदले गेले आहे. शिकवलेले लक्षात न राहणे, अकारण आक्रमकता, दृष्टिदोष व झटके ही त्याची लक्षणे होत. पिल्लूपणात ती ‘हट्टी स्वभाव’ समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो.

बहुसूक्ष्मवळी मेंदू – यात बाह्यकावर लहान व अव्यवस्थित वळ्यांची दाटी होते. स्टँडर्ड पूडल जातीत या व्यंगासोबत अंधत्व आढळले आहे.

मध्यरेषेची व्यंगे – मेंदूचे दोन अर्धगोल नीट विभागले न गेल्यास किंवा त्यांना जोडणारा तंतुपट्टा अपुरा राहिल्यास तहानेचे नियमन करणारे केंद्रही बिघडू शकते. मिनिएचर श्नाउझर जातीत हे नोंदले गेले आहे. अशा कुत्र्याला तहान लागत नाही. तो पाणी पीत नाही, रक्तातील सोडियम वाढत जाते आणि झटके येतात. येथे झटक्यांवरील मुख्य उपाय अपस्माराची गोळी नसून अन्नात मोजून मिसळलेले पाणी हा असतो. मात्र दीर्घकाळ वाढलेले सोडियम एकदम खाली आणल्यास मेंदूला सूज येते, म्हणून ते रुग्णालयात सावकाश कमी करावे लागते.

द्रवपुटी व पोकळ्या – मेंदूभोवतीच्या आवरणात द्रवाने भरलेली पुटी तयार होणे किंवा मेंदूच्या ऊतीतच पोकळी राहणे ही व्यंगेही आढळतात. शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत मेंदूच्या मागील भागातील पुटी अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीत कवटीचा मागील भाग अपुरा वाढल्याने होणारी विकृती फार सर्वसामान्य आहे. या जातीत अपस्मारही आढळतो, परंतु एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही.

## झटक्याचे स्वरूप

झटक्यापूर्वी काही काळ कुत्रा अस्वस्थ होतो, मालकाला चिकटून राहतो किंवा लपतो. सर्वांगी झटक्यात तो शुद्ध हरपून आडवा पडतो, पाय ताठ होतात, मग वल्हवल्यासारखे हलतात. लाळ गळते आणि मलमूत्राचे विसर्जन होते. बहुतेक झटके एक ते दोन मिनिटांत थांबतात. त्यानंतर काही मिनिटे ते काही तास कुत्रा गोंधळलेला असतो. भिंतीवर आपटणे, तात्पुरते न दिसणे, अधाशासारखे खाणे किंवा ओळखीच्या माणसावर गुरगुरणे या काळात घडू शकते. अंशतः झटक्यात चेहऱ्याचा एक भाग किंवा एकच पाय फडफडतो आणि शुद्ध कायम राहू शकते.

चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके आल्यास त्यांना झटक्यांचा गुच्छ म्हणतात. एक झटका पाच मिनिटांहून अधिक टिकणे, किंवा दोन झटक्यांमध्ये शुद्ध परत न येणे, यास सतत झटक्यांची अवस्था म्हणतात. ही तातडीची वैद्यकीय स्थिती होय. तीत शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढते आणि मेंदूला कायमची इजा किंवा मृत्यू संभवतो.

## निदान

### प्रथम वगळावयाची कारणे

रेबीज – जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीज मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. पिल्लांना रेबीजची पहिली लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. मेंदूच्या व्यंगाचे झटके अनेकदा त्याच सुमारास किंवा त्याआधी सुरू होतात. त्यामुळे झटके येणारे पिल्लू ‘जन्मतःच असे आहे’ असे मानण्यापूर्वी त्याचे लसीकरण, त्याच्या आईचे लसीकरण आणि भटक्या प्राण्याशी आलेला संपर्क यांची चौकशी करावी लागते. वर्तनात अचानक बदल, खालचा जबडा लोंबणे, गिळता न येणे व काही दिवसांत झपाट्याने ढासळणारी प्रकृती ही रेबीजची चिन्हे होत. जिवंत कुत्र्यात रेबीज खात्रीने वगळणारी सोपी तपासणी नाही. निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीवरून होते. जन्मजात व्यंगाची लक्षणे मात्र आठवडे-महिने टिकून राहतात. अशा पिल्लाने चावा घेतल्यास किंवा त्याची लाळ जखमेला लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात लस घ्यावी लागते. कुत्र्याच्या निदानाची वाट पाहणे धोक्याचे असते.

डिस्टेंपर – या विषाणुजन्य रोगात ताप, डोळे-नाकातून स्राव, खोकला व जुलाब यांनंतर चेतासंस्थेची लक्षणे उद्भवतात. काही रुग्णांत आधीची लक्षणे इतकी सौम्य असतात की ती लक्षातच येत नाहीत. एखाद्या स्नायूची तालबद्ध उडी झोपेतही चालू राहणे आणि च्युइंग गम चघळल्यासारखी जबड्याची हालचाल ही डिस्टेंपरची ओळखीची चिन्हे आहेत.

रक्तशर्करा घटणे – लहान चणीच्या पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा फार कमी असतो. काही तास उपाशी राहणे, जंत किंवा जुलाब यांमुळेही त्यांना झटका येऊ शकतो. घरगुती ग्लुकोमीटरने मिळणारा आकडा येथे निर्णायक ठरू शकतो, म्हणून झटक्याच्या वेळी रक्तशर्करा मोजणे ही सर्वांत स्वस्त व सर्वांत आधीची तपासणी होय.

यकृतातील रक्तवाहिनीचा दोष – आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून परस्पर पुढे गेल्यास अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. जेवणानंतर वाढणारी सुस्ती व भ्रमिष्टपणा हे त्याचे लक्षण असते. उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची पातळी मोजून या दोषाचा अंदाज येतो. मेंदूच्या व्यंगाशी याची गल्लत होणे विशेष हानिकारक असते, कारण या दोषावर शस्त्रक्रियेचा उपाय असू शकतो आणि अपस्मारावरील नेहमीचे औषध फेनोबार्बिटल यकृतावर ताण आणते.

विषबाधा – कीटकनाशके, उंदीर मारण्याची औषधे, शिसे आणि साखरविरहित च्युइंग गममधील झायलिटॉल यांमुळे झटके येतात. शेतीलगतच्या वस्तीत फवारणीचे दिवस आणि उघडी पडलेली डबे-पाकिटे यांची चौकशी महत्त्वाची असते.

### पशुवैद्यकीय तपासणी

झटका पशुवैद्यकासमोर क्वचितच येतो. म्हणून मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण हा निदानाचा मोठा आधार ठरतो. हृदयविकाराने आलेली मूर्च्छा, तोल जाणे किंवा कंप यांपासून झटका वेगळा ओळखण्यास त्याचा उपयोग होतो. चेतासंस्थेची तपासणी झटक्यानंतर लगेच केल्यास तात्पुरते दोष कायमचे वाटू शकतात. त्यामुळे एक-दोन दिवसांनी ती पुन्हा करतात. रक्तपेशींची गणना, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, रक्तशर्करा, कॅल्शियम आणि सोडियमसह क्षार या प्राथमिक तपासण्या होत.

### प्रतिमांकन

टाळू उघडी असलेल्या पिल्लात तीतूनच सोनोग्राफी करून मेंदूच्या पोकळ्या पाहता येतात. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही आणि सर्वसाधारण सोनोग्राफी यंत्र पुरते. टाळू भरली असल्यास सीटी स्कॅनने पोकळ्यांचा आकार समजतो. वळ्यारहित मेंदू, सूक्ष्म वळ्या, मध्यरेषेची व्यंगे आणि मेंदूचा दाह यांसाठी मात्र एमआरआय आवश्यक असते व त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते.

पहिला झटका सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आला असेल, झटक्यांमधील काळात चेतासंस्थेचे दोष असतील, सुरुवातच झटक्यांच्या गुच्छाने किंवा सतत झटक्यांच्या अवस्थेने झाली असेल, किंवा एका औषधाची सोसवेल इतकी मात्रा देऊनही उपयोग होत नसेल, तर २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे एमआरआयची शिफारस करतात. दाहाची शंका असल्यास मस्तिष्क-मेरू द्रवाची तपासणी करतात. कवटीतील दाब वाढलेला असताना हा द्रव काढल्यास मेंदूचा भाग खाली सरकून जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून प्रतिमा आधी व द्रव नंतर असा क्रम पाळतात.

प्रतिमेचा अर्थ लावताना व्यंगाची जागा, झटक्यांचे स्वरूप आणि शारीरिक तपासणीतील दोष यांचा मेळ बसतो का, हे पाहिले जाते. तसा मेळ नसल्यास व्यंग योगायोगाने सापडलेले असू शकते आणि कुत्र्याला त्यासोबत दाह किंवा स्वयंभू अपस्मारही असू शकतो.

## उपचार

### अपस्मारविरोधी औषधे

स्वयंभू अपस्मारात एकाच झटक्यानंतर सहसा थांबून पाहतात. मेंदूत ओळखता येणारे व्यंग असल्यास झटके पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनच्या २०१५ च्या निवेदनात अशा रुग्णांत उपचार लवकर सुरू करण्याची शिफारस आहे.

फेनोबार्बिटल हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. सुरुवातीची मात्रा सामान्यतः दर किलो वजनामागे २.५ ते ३ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी असते. रक्तातील पातळी स्थिर होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यानंतर ती मोजून मात्रा ठरवतात. अतिभूक, अतितहान, वारंवार लघवी व सुरुवातीची सुस्ती हे नेहमीचे दुष्परिणाम होत. यकृताची इजा हा कमी आढळणारा पण गंभीर दुष्परिणाम असल्याने ठरावीक काळाने रक्ततपासणी करतात. हे औषध स्वतःचे विघटन वाढवते. त्यामुळे तीच मात्रा चालू असूनही काही महिन्यांत रक्तातील पातळी घटू शकते.

पोटॅशियम ब्रोमाइड यकृतावर अवलंबून नसते. मात्र त्याची पातळी स्थिर होण्यास सुमारे तीन महिने लागतात. आहारातील मीठ वाढल्यास ब्रोमाइड शरीराबाहेर लवकर टाकले जाते व झटके परत येऊ शकतात. खारट पदार्थ देण्याची घरची सवय म्हणूनच येथे महत्त्वाची ठरते. लेव्हेटिरासेटाम यकृताला सुरक्षित व जलद परिणाम करणारे असले तरी ते शरीरात थोडाच काळ टिकते आणि साधी गोळी दिवसातून तीन वेळा द्यावी लागते. माणसांच्या अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे कुत्र्याच्या शरीरातून फार लवकर बाहेर पडत असल्याने दीर्घ उपचारासाठी उपयोगी नाहीत. घरातील माणसाच्या गोळ्या कुत्र्याला देणे म्हणूनच निरर्थक किंवा घातक ठरते.

कोणतेही अपस्मारविरोधी औषध एकाएकी बंद करता येत नाही. विशेषतः फेनोबार्बिटल अचानक थांबवल्यास पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात.

### जलशीर्षावरील उपचार

द्रवाची निर्मिती व दाब कमी करण्यासाठी प्रेडनिसोलोन कमी मात्रेत देऊन हळूहळू घटवतात. अॅसिटाझोलामाइड व ओमेप्राझोल यांचाही वापर होतो, परंतु त्यांच्या परिणामाचा पुरावा दुबळा आहे. प्रेडनिसोलोन व फेनोबार्बिटल एकत्र दिल्यास भूक व तहान दोन्ही बरीच वाढतात. औषधांनी लाभ न झाल्यास मेंदूच्या पोकळीतून पोटाच्या पोकळीपर्यंत त्वचेखालून नळी बसवून जादा द्रव वळवतात. अडथळा येणे, संसर्ग होणे किंवा नळी सरकणे असे धोके या शस्त्रक्रियेत असतात. चाल व वर्तन सुधारले तरी झटके पूर्ण थांबतीलच असे नाही. औषधे चालू ठेवावी लागू शकतात.

### घरातील प्रथमोपचार

झटका सुरू होताच वेळ पाहणे, कुत्र्याला जिना, पाणी व टोकदार वस्तूंपासून दूर ठेवणे, दिवे व आवाज कमी करणे आणि शक्य असल्यास चित्रीकरण करणे एवढेच अपेक्षित असते. कुत्रा जीभ गिळत नाही, त्यामुळे तोंडात हात किंवा चमचा घालू नये. चप्पल वा कांदा हुंगवण्याच्या रूढ उपायाने झटका थांबत नाही, उलट चावा बसण्याचा धोका वाढतो. शुद्धीवर येईपर्यंत पाणी, दूध किंवा गोळी तोंडात घालू नये, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. लहान पिल्लाचा झटका थांबल्यावर हिरड्यांवर थोडे मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळता येते.

वारंवार गुच्छाने झटके येणाऱ्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यक गुदद्वारातून देण्याचे डायझेपाम किंवा नाकातून देण्याचे मिडाझोलाम आधीच लिहून देतात. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास किंवा दिवसात दुसरा झटका आल्यास रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

## महाराष्ट्रातील सुविधा आणि कोल्हापूर परिसर

मुंबईतील परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय हे राज्यातील सर्वांत जुने आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये येतात. त्यांपैकी कोल्हापूरकरांना सर्वांत जवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे, पुणे–बंगळूर महामार्गावर आहे. पुणे शहर कोल्हापूरपासून सुमारे २३० किलोमीटर अंतरावर आहे.

कोल्हापूर हा गाई-म्हशींचा व सहकारी दूधव्यवसायाचा जिल्हा असल्याने येथील पशुवैद्यकीय सेवेचा भर परंपरेने दुभत्या जनावरांवर राहिला आहे. कोल्हापूर शहरात समाविष्ट असलेला, पंचगंगेकाठचा कसबा बावडा हे या परिस्थितीचे उदाहरण आहे. वस्तीला लागून ऊसशेती, दारात जनावरे आणि घरात पोमेरेनियन किंवा ल्हासा अशी मिसळ येथे एकाच गल्लीत असते. अशा ठिकाणी शेतीतील विषबाधा व भटक्या कुत्र्यांशी संपर्क ही कारणे वगळल्याखेरीज व्यंगाचे निदान पक्के धरता येत नाही. एमआरआयसाठी मोठ्या शहरात जाणे शक्य नसले तरी लसीकरणाची नोंद, झटक्याचे चित्रीकरण, रक्तशर्करा, रक्ततपासणी आणि टाळूतून केलेली सोनोग्राफी एवढ्यावर बरेचसे निर्णय स्थानिक पातळीवरच घेता येतात. तातडीची बहुतेक कारणे याच तपासण्यांतून समजतात.

औषधात खंड न पडू देणे हा या भागातील स्वतंत्र प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरांत शिरोली परिसरात महामार्गावरील वाहतूक काही दिवस बंद पडली होती. फेनोबार्बिटल पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि त्याचे डोस चुकणे धोक्याचे असते. त्यामुळे नदीकाठच्या वस्त्यांत पावसाळ्यापूर्वीच काही आठवड्यांच्या गोळ्या, चिठ्ठीची प्रत व झटक्यांची नोंदवही पाण्यापासून सुरक्षित ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

## पाठपुरावा व भवितव्य

प्रत्येक झटक्याचा दिवस, वेळ, कालावधी आणि चुकलेले डोस यांची नोंद ठेवल्याशिवाय औषधाचा परिणाम ठरवता येत नाही. पूर्ण मुक्ती हे आदर्श ध्येय असले तरी झटक्यांची संख्या निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होणे हेही उपचाराचे यश मानले जाते. सौम्य जलशीर्ष असलेले कुत्रे योग्य काळजी घेतल्यास अनेक वर्षे समाधानाने जगू शकतात. वळ्यारहित मेंदूत झटके आटोक्यात आले तरी शिकण्यातील मर्यादा व आक्रमकता कायम राहू शकते. घरात लहान मुले असल्यास याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

सोसवेल इतकी औषधे देऊनही झटके वारंवार येत असतील, कुत्रा खाणे-पिणे व माणसांना ओळखणे सोडत असेल, तर वेदनारहित मृत्यूचा पर्याय पशुवैद्यक मालकासमोर ठेवतात. हा निर्णय एका वाईट रात्रीवरून न घेता अनेक आठवड्यांच्या नोंदींवरून घेतला जातो.

## प्रतिबंध

यांपैकी अनेक व्यंगांमागे आनुवंशिक कारण असल्याचे मानले जाते. त्यामुळे बाधित कुत्र्यांपासून, तसेच बाधित पिल्लांना जन्म दिलेल्या जोडीपासून पुन्हा पैदास करू नये अशी शिफारस केली जाते. ‘टीकप’ किंवा ‘पॉकेट’ म्हणून विकली जाणारी अतिलहान व घुमटाकार डोक्याची पिल्ले निवडून पैदास केल्याने जलशीर्षाचा धोका वाढतो. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना टाळू हाताने चाचपून पाहणे, ते चालताना-खेळताना पाहणे आणि शक्य असल्यास त्याची आई पाहणे या साध्या गोष्टींमधून पुष्कळ माहिती मिळते. टाळू उघडी आढळल्यास तो आजाराचा पुरावा ठरत नाही, परंतु पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेण्यास ते पुरेसे कारण असते.